बशीरबागेत थांबलेला सूर : उस्ताद बडे गुलाम अली खाँ आणि कानसेनांच्या टेपा

हैदराबाद : देगलूर, उदगीर, बिदर, भालकी, निजामाबाद या भागातली माणसं हैदराबादला जातात ती बहुतेक करून दवाखान्यासाठी, कोर्टाच्या कामासाठी, नाहीतर लग्नाच्या बस्त्यासाठी. कोटी, सुलतान बाजार, अबिड्स इथली कामं उरकून गाडी पुढे निघाली की बशीरबाग लागतं. सिग्नल, उड्डाणपूल, ऑफिसांच्या इमारती, सतत वाहणारी गर्दी. इथल्या मुख्य रस्त्याला उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांचं नाव दिलेलं आहे, हे मात्र त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असतं. सगळे बशीरबागच म्हणतात.

याच भागात पूर्वी बशीरबाग पॅलेस होता. पायगा घराण्यातल्या नवाबाचा हा वाडा. तिथे एप्रिल १९६८ मध्ये खाँसाहेबांनी शेवटचा श्वास घेतला. वय ६६. वाडा आता राहिलेला नाही. पण त्या गळ्यातून निघालेले सूर मात्र राहिले. ते जसे राहिले त्यात ग्रामोफोन कंपन्यांपेक्षा साध्या ऐकणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. एका मोठ्या गवयाची आणि त्याला टेपेत जपून ठेवणाऱ्या कानसेनांची ही गोष्ट आहे.

सीमेवरचं गाव

बडे गुलाम अली खाँ यांचा जन्म २ एप्रिल १९०२ चा, कसूरचा. कसूर म्हणजे पंजाबातलं लाहोरच्या दक्षिणेचं गाव, सूफी कवी बुल्ले शाह यांचं. गायिका नूरजहाँही इथलीच. खाँसाहेब जन्मले तेव्हा ते गाव कुठल्याही सीमेवर नव्हतं. लाहोर, अमृतसर, फिरोजपूर हा सगळा एकच मुलूख होता. १९४७ ला रेघ ओढली गेली आणि कसूर पाकिस्तानात गेलं, तेही अगदी कडेला. आज कसूर हे सीमेवरचं गाव आहे. आपण न हलता गावच सीमेवर येतं म्हणजे काय होतं, हे या भागातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

घराणं गाणाऱ्यांचं. वडील अली बक्ष आणि काका काले खाँ दोघेही पतियाळा घराण्याच्या तालमीत तयार झालेले. गुलाम अलींची तालीम लहानपणीच काले खाँ यांच्याकडे सुरू झाली. काका गेल्यावर वडिलांकडे ती पुढे चालली. घरची परिस्थिती काही फार बरी नव्हती. तरुणपणी त्यांनी सारंगीही वाजवली आणि त्यावर चार पैसे मिळवले. पुढे गवई म्हणून नाव झाल्यावर काहींना ती गोष्ट कमीपणाची वाटायची, कारण त्या काळी सारंगियाला मैफलीत मान कमी असे. पण त्यांचा गळा नीट ऐकला तर ती सारंगी फुकट गेली नाही हे कळतं. एका सुरावरून दुसऱ्यावर ते ज्या सहजपणे घसरत जातात, मधली जागा रिकामी न ठेवता, ती चाल गज फिरवणाऱ्या हाताची आहे.

धाकटे भाऊ बरकत अली खाँ हेही ठुमरी आणि गझलचे नावाजलेले गायक. फाळणीनंतर ते लाहोरलाच राहिले. आपल्याकडे कॅसेटच्या जमान्यात घरोघरी पोचलेले गझलगायक गुलाम अली हे याच घरच्या तालमीतले. त्यांचं नावही बडे गुलाम अलींवरून ठेवलेलं.

मुंबईने ऐकलं

१९३० च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या श्रोत्यांनी त्यांना उचलून धरलं. मुंबईत १९४४ साली विक्रमादित्य संगीत परिषद भरली. देशभरातले मोठमोठे गवई तिथे आले होते. तिथल्या गाण्याने पंजाबचा हा गवई एकदम पहिल्या रांगेत आला. देह पहिलवानाचा, मिशा झुपकेदार, मांडीवर स्वरमंडळ. बघणाऱ्याला वाटावं आता गर्जना होणार, आणि आवाज निघायचा तो लोण्यासारखा मऊ. तीन सप्तकांत कुठेही जा, आवाजाला खरखर नाही. वेगाच्या सरगमी आणि ताना अशा, की श्रोत्याला दम लागेल पण गाणाऱ्याला नाही.

गाण्याचा त्यांचा हिशेब वेगळा होता. त्या काळी एकेक राग तासनतास मांडणं हे मोठेपणाचं लक्षण मानलं जायचं. खाँसाहेबांना विस्तार येत नव्हता असं नाही. पण समोरचा श्रोता आता दरबारातला नाही, तो तिकीट काढून आलेला नोकरदार, व्यापारी, विद्यार्थी आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून ख्याल आटोपशीर ठेवायचा, त्यातलं सत्त्व काढून द्यायचं, आणि मग ठुमरी, दादरा, भजन. पंजाबी लोकगीतांचा बाज ते ठुमरीत आणत. त्यांच्या ठुमरीत पूरबचा ठेहराव आहे आणि पंजाबच्या हरकतीही आहेत. लोकांच्या गाण्यातूनच राग आले असं ते मानत. सबरंग या नावाने त्यांनी स्वतः बंदिशी बांधल्या.

मराठी जाणकारांनी त्यांना जवळ केलं त्यात प्रा. बी. आर. देवधर यांचं नाव मोठं. देवधर मूळचे मिरजेचे, म्हणजे आपल्यासारख्याच सीमाभागातले. पलुस्करांचे शिष्य. मुंबईत ऑपेरा हाउसजवळ त्यांची संगीतशाळा होती. तिथे देशातले बहुतेक मोठे गवई येऊन गेले आणि कुमार गंधर्व तिथेच शिकले. आवाज कसा तयार होतो, कसा टिकतो, हा देवधरांच्या अभ्यासाचा विषय. खाँसाहेबांचा गळा त्यांच्यासाठी जणू चालतंबोलतं पुस्तक होता. 'थोर संगीतकार' या त्यांच्या पुस्तकात खाँसाहेबांवर लेख आहे. घराण्याचा अभिमान बाजूला ठेवून दुसऱ्या मुलुखातल्या गवयाकडे कसं पाहावं, याचा तो नमुना आहे.

फाळणी आणि परतीची वाट

फाळणी झाली तेव्हा खाँसाहेब आपल्या मुलुखात, म्हणजे नव्या पाकिस्तानात गेले. घर, भाऊबंद, कबरी, सगळं तिकडेच होतं. पण त्यांना जे गायचं होतं त्याचा श्रोता मोठ्या संख्येने इकडे राहिला होता. मुंबई, कलकत्ता, पुणे, दिल्ली, अलाहाबाद इथल्या परिषदा इकडे. ते येत-जात राहिले. परवाने, मुदती, कागदपत्रं. शेवटी त्यांनी भारतात राहायचं ठरवलं. मोरारजी देसाई यांच्या मदतीने १९५७ साली त्यांना भारतीय नागरिकत्व मिळालं.

वर्ष लक्षात घेण्यासारखं आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले होते. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. बिदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूर राज्यात गेले. तेलंगण आंध्रात गेलं. एका घरातली सोयरीक तीन राज्यांत वाटली गेली. ही फाळणी रक्ताची नव्हती, कागदाची होती, त्यामुळे दोन्हींची तुलना होऊ शकत नाही. पण भाषा एकीकडे आणि सातबारा दुसरीकडे हा अनुभव या पट्ट्याने घेतला. गाव एका देशात आणि श्रोता दुसऱ्या देशात, असा प्रश्न पडलेला गवई या भागाला परका वाटू नये.

घरटी एका मुलाला जरी शास्त्रीय संगीत शिकवलं असतं तर देशाची फाळणीच झाली नसती, असं त्यांचं मत होतं, असं नेहमी सांगितलं जातं. हे कुणाला भाबडं वाटेल. पण पहाडी रागातलं 'हरी ओम तत्सत्' हे भजन त्यांनी कित्येक मैफलींत गायलं, आणि समोर बसलेल्यांना गाणाऱ्याचा धर्म विचारावासा वाटला नाही. तेवढ्या पाच-दहा मिनिटांपुरतं तरी त्यांचं म्हणणं खरं ठरायचं.

अकबराचा तानसेन

सिनेमात गायला खाँसाहेब तयार नसत. के. आसिफ 'मुघल-ए-आझम' करत होते. अकबराच्या दरबारात तानसेन गातो असं दाखवायचं, तर आवाज कुणाचा? संगीतकार नौशाद यांनी खाँसाहेबांचं नाव सुचवलं. पुढची हकीकत सिनेरसिकांत प्रसिद्ध आहे. पाहुण्यांना वाटेला लावावं म्हणून खाँसाहेबांनी एका गाण्याचे पंचवीस हजार रुपये सांगितले, आणि आसिफनी जागच्या जागी होकार दिला. १९६० साली सिनेमा आला. सोहनी आणि रागेश्री या दोन रागांतली ती गाणी. सलीम-अनारकलीच्या त्या गाजलेल्या पिसाच्या प्रसंगामागे सोहनीचा जो सूर येतो, तो याच गळ्याचा. ज्याने आयुष्यात एकही ख्याल पुरा ऐकला नाही, त्यानेही बडे गुलाम अली ऐकले ते असे, तंबूतल्या टॉकीजमध्ये नाहीतर गावातल्या टुरिंग सिनेमात.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६७ मध्ये अकादमीची फेलोशिप मिळाली. पण या काळात शरीर साथ देईना. पक्षाघाताने अंग दुबळं झालं. तरी गाणं सुटलं नाही. मुलगा मुनव्वर अली खाँ मागे बसून साथ करायचा आणि त्याच्या आधाराने खाँसाहेब मैफली करत राहिले.

तीन मिनिटांची तबकडी

आता मूळ मुद्दा. त्या काळात आवाज विकत मिळायचा तो ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर. एका बाजूला साधारण तीन ते साडेतीन मिनिटं. गवयाने तेवढ्यात आलाप, बंदिश, ताना सगळं बसवायचं आणि लाल दिवा लागला की संपवायचं. खाँसाहेबांच्या ठुमऱ्यांच्या तबकड्या खूप खपल्या. त्यांच्याकडे आटोपशीर गाण्याची हातोटी असल्याने तबकडीतही ते इतरांपेक्षा जास्त मावले. पण तरी ती तबकडी. तिच्यात समोरचा माणूस नाही, मागून येणारी दाद नाही, आणि एखादी जागा चुकून सापडली म्हणून तिथेच दहा मिनिटं रमणं नाही. पुढे लाँग प्ले आली, वेळ वाढला, तरी खोली बंदच राहिली.

मैफल पकडायची तर दुसरं यंत्र हवं होतं. १९५० च्या दशकात ते हळूहळू भारतात आलं. चुंबकीय फितीचा स्पूल टेपरेकॉर्डर. महागडा, सुटकेसएवढा, उचलायला जड. पण त्याचा हिशेब बघा. सात इंची स्पूलवर बाराशे फूट फीत बसते. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने चालवली तर एका बाजूला ३२ मिनिटं मिळतात. वेग निम्मा केला तर वेळ दुप्पट होतो, पण आवाजातली चकाकी कमी होते. ख्याल पुरा घ्यायचा की स्पष्ट घ्यायचा, हा सौदा प्रत्येक रसिकाला करावा लागायचा. शिवाय फीत कधी संपेल त्याचा नेम नाही. म्हणून कित्येक जुन्या ध्वनिमुद्रणांत तान ऐन रंगात असते आणि मध्येच तुटते. दुसरा स्पूल चढवेपर्यंत गवई पुढे गेलेला असतो.

दुसरा आधार रेडिओचा. आकाशवाणीने १९५२ साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. शनिवारी रात्री एकच गाणं देशभरातल्या केंद्रांवरून एकाच वेळी लागायचं. हैदराबादचं निजामाच्या काळातलं डेक्कन रेडिओ १९५० मध्येच आकाशवाणीत आलं होतं. त्यामुळे नांदेडचा वकील, बिदरचा मास्तर आणि निजामाबादचा आडत्या त्या रात्री एकच दरबारी ऐकू शकत होते. १९५६ नंतर त्यांची राज्यं वेगळी झाली, शनिवार मात्र एकच राहिला. ज्यांच्याकडे यंत्र होतं ते रेडिओसमोर मायक्रोफोन धरून तेही उतरवून घेत.

अशा रीतीने खाँसाहेबांचं गाणं दोन खात्यांत जमा झालं. एक खातं कंपन्यांचं, मोजकं आणि नीटनेटकं. दुसरं रसिकांचं, पसरलेलं आणि कुणाच्याच एका वहीत न लागलेलं. मालकंस, दरबारी, गुणकली, कामोद, केदार, भूपाली, भीमपलासी, जयजयवंती, कौशी ध्वनी, आणि ठुमऱ्या तर कितीतरी. आज त्यांचे चाहते ज्या ध्वनिमुद्रणांसाठी जीव टाकतात, त्यांतली पुष्कळशी या दुसऱ्या खात्यातली आहेत.

मैफलीच्या टेपेत काय ऐकू येतं

एखादी टेप सुरू होते तेव्हा आधी गाणं नसतंच. तबल्यावर हातोडी पडत असते. कुणीतरी खोकतं. स्वरमंडळाच्या तारा एकदा छेडल्या जातात आणि खोली शांत होते. मग पहिला षड्ज. इथपर्यंतच ऐकणाऱ्याला समजतं की आपण स्टुडिओत नाही, बैठकीत आहोत.

पुढे खरी गंमत. एकाच रागाच्या दोन मैफली लावून बघा. बंदिश तीच, ताल तोच, पण दुसऱ्या दिवशीचा रस्ता वेगळा. एका ठिकाणी निषादावर जास्त थांबले, दुसरीकडे तो नुसता शिवून गेले. एके ठिकाणी समेवर येताना तान मुद्दाम उशिरा सोडली, श्रोत्यांतून वाहवा उसळली, आणि त्या दादेने खुलून लगेच त्याच्या दीडपट अवघड तान आली. ती दुसरी तान तबकडीवर कधीच आली नसती, कारण तिची अर्धी मालकी त्या दाद देणाऱ्याची आहे. ठुमरीत तर एकेका शब्दाला दहा वेळा वळवून दहा अर्थ काढायचे. कधी लाडिक, कधी रुसलेला, कधी एकदम पुकार. ऐकणारा मोजायचं विसरतो.

आजारपणानंतरच्या मैफलींत दोन आवाज असतात. वडिलांचा आणि मुनव्वर अलींचा. वडील दम घेतात तेव्हा मुलगा सूर धरून ठेवतो, मग ते पुन्हा आत शिरतात. जे गाणं पूर्वी एका छातीतून निघायचं ते आता दोघांच्या आधाराने उभं आहे. कंपनीने अशी तबकडी काढताना दहादा विचार केला असता. पण चाहत्यांना विचारलं तर त्यांना तीही हवी असते, कारण माणूस पुरा समजायचा तर त्याची उतरती दुपारही ऐकायला हवी.

सातासमुद्रापलीकडची तशीच वेडी माणसं

हे वेड फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९६५ साली ग्रेटफुल डेड नावाचा रॉक बँड निघाला. त्यांची गाणी मंचावर ताणत, वळवत, एकातून दुसऱ्यात शिरत चालायची. एक रात्र दुसरीसारखी नसायची. तीस वर्षांत त्यांनी २,३०० च्या वर कार्यक्रम केले. चाहते मायक्रोफोन घेऊन यायचे. त्यांना हाकलण्याऐवजी १९८४ पासून बँडने टेप करणाऱ्यांसाठी वेगळ्या जागाच ठेवल्या. अट एकच : नक्कल करा, वाटा, बदली करा, पण विकू नका. ८ मे १९७७ ला कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण आता अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने देशाचा ठेवा म्हणून नोंदवलं आहे. याच बँडचा तालवादक मिकी हार्ट आपल्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर वर्षानुवर्षं वाजवत होता, म्हणजे धागा अगदीच लांबचा नाही.

फरक एवढाच की तिकडे गाणाऱ्यानेच दार उघडून दिलं. आपल्याकडे बऱ्याच उस्ताद-पंडितांना टेप नको असायची. चीज चोरीला जाईल, बाहेर बाजार होईल, ही धास्ती. केसरबाई केरकर तर या बाबतीत फार कडक होत्या. त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही, कारण गवयाची विद्या हीच त्याची जमीन. पण त्याचा परिणाम असाही झाला की त्यांच्या मैफलींचं फार थोडं पुढच्या पिढीच्या कानावर आलं. खाँसाहेबांचं तसं झालं नाही, हे ऐकणाऱ्यांचं नशीब.

हैदराबादचे शेवटचे दिवस

शेवटच्या काळात खाँसाहेब हैदराबादला आले. लाहोर, मुंबई, कलकत्ता असा फिरलेला माणूस दख्खनमध्ये स्थिरावला. बशीरबाग पॅलेसचे नवाब जहीर यार जंग यांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतलं. हैदराबादला या गोष्टीची सवय होती. उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी माणसं एका गल्लीत राहत आलेलं हे शहर. इथल्या मराठी मंडळींची विवेक वर्धिनीसारखी संस्था तर निजामाच्या राज्यात उभी राहिली आणि टिकली. बाहेरून आलेल्याला जागा करून देणं या शहराला जमायचं. इथेच १९६८ च्या एप्रिलमध्ये खाँसाहेबांचं निधन झालं.

त्यांना जुन्या शहरातल्या दायरा मीर मोमीन या दफनभूमीत मूठमाती दिली गेली. ही जागा कुतुबशाहीतली. सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहाचे पेशवे मीर मोमीन यांच्या नावाची. पेशवा हा शब्द पुण्याच्या आधी गोवळकोंड्यात होता, हेही या निमित्ताने आठवावं. सालारजंग घराण्यातली माणसंही इथेच विसावली आहेत. कसूरच्या मातीत जन्मलेला गवई या मातीत मिसळला.

मुनव्वर अली खाँ यांनी पुढे हे गाणं चालवलं. ते १९८९ मध्ये गेले. कलकत्त्याचे पंडित अजय चक्रवर्ती हे त्यांचेच शिष्य. गाणं असं गळ्यातून गळ्यात गेलं, आणि टेपेतून कानातही गेलं.

कपाटातला ठेवा

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून कॅसेट स्वस्त झाली आणि रसिकांच्या देवघेवीला ऊत आला. साठची, नव्वदची कॅसेट. तुझ्याकडचा मालकंस दे, माझ्याकडची भैरवी घे. मुंबईची टेप सोलापूरला, तिथून गुलबर्ग्याला, तिथून हैदराबादला. प्रत्येक नकलेत थोडी खरखर वाढायची. दोन यंत्रांच्या वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की सूर अर्ध्या पट्टीने चढायचा किंवा उतरायचा, आणि मग खाँसाहेबांची पट्टी नक्की कोणती यावर वाद रंगायचे. वरच्या चिठ्ठीवर रागाचं नाव चुकीचं, तारीख नाही, गाव नाही. तरी ती टेप फिरायची. तिला राज्याची सीमा अडवत नव्हती. देशाचीही नाही : लाहोरची ध्वनिमुद्रणं इकडे आली, इकडची तिकडे गेली.

पण फितीचं आयुष्य माणसासारखंच मर्यादित. दमट हवेत बुरशी धरते, उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत फीत वाकते, वरचा चुंबकीय थर सुटून यंत्राच्या तोंडाला चिकटतो. ज्या स्पूलवर चालवायचं ते यंत्रच मिळेनासं झालं आहे. मुंबईचं एनसीपीए, गुरुग्रामचं अमेरिकन इन्स्टिट्यूटचं संगीत-अभिलेखागार अशा संस्था जुनी ध्वनिमुद्रणं जपतात. पण त्यांच्याकडे पोचतं ते कुणीतरी आणून दिलेलं. उरलेलं कपाटाच्या वरच्या फळीवर, आजोबांच्या ट्रंकेत, कधी थेट भंगारात. वाडा विकताना लोक पितळेची भांडी मोजून घेतात, टेपांचं खोकं रद्दीवाल्याला देतात. त्या खोक्यात फक्त जुनी गाणी आहेत असं वाटतं. त्यात कदाचित अशी एक रात्र असते जी जगात दुसरीकडे कुठेच उरलेली नाही.

खोकं सापडलं तर दोनच गोष्टी कराव्यात. चालते का बघायला म्हणून घाईने कुठल्याही यंत्रात घालू नये, आणि खोक्यावरची चिठ्ठी फेकू नये. त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं एखाद्या गावाचं, घराचं, तारखेचं नाव हीच त्या मैफलीची जन्मनोंद असते.

तानसेन कसा गायचा हे आज कुणालाच माहीत नाही, कारण अकबराच्या दरबारात टेप नव्हती. सिनेमात त्याला आवाज देणारा माणूस कसा गायचा हे मात्र आपल्याला ऐकता येतं. तो जन्मला एका देशाच्या आजच्या सीमेवर, विसावला दुसऱ्या देशातल्या हैदराबादमध्ये, आणि त्याच्या मैफलींचा मोठा हिस्सा अशा लोकांनी सांभाळला ज्यांची नावं कुठल्याच तबकडीवर नाहीत. पुढच्या वेळी दवाखान्याच्या किंवा बस्त्याच्या निमित्ताने बशीरबागेच्या सिग्नलला गाडी थांबली, तर मोबाईलवर त्यांची एखादी मैफल लावावी. तबल्यावरची हातोडी, कुणाचा तरी खोकला, मग स्वरमंडळ. सिग्नल सुटायच्या आत पहिला षड्ज लागलेला असेल.